एक पट्टी, दोन इंजिने : रुंद ओंडका चिरण्याचा हिशोब

लाकडाच्या वखारीत गेलात तर एखाद्या कोपऱ्यात अवाढव्य ओंडका पडलेला दिसतो. चार-साडेचार फूट जाडीचा आंबा, नाहीतर रस्त्याच्या कडेचा विलायती शिरीष, ज्याला बाजारात रेन ट्री म्हणतात. मालकाला विचारले की उत्तर ठरलेले असते, "मशीनवर चढत नाही." मग एक दिवस तो ओंडका उभा-आडवा फोडून जळाऊ लाकडाच्या भावाने जातो. ज्या लाकडातून एकसंध टेबलाचा तक्ता निघाला असता, ते भट्टीत जाते. हे नुकसान कोणाच्या वहीत लिहिले जात नाही, पण होते खरे.

अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात अशा ओंडक्यांवर एक उपाय बरीच वर्षे चालत आला आहे. चेनसॉची लांब पट्टी घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन बसवायचे. साखळी एकच, पट्टी एकच, इंजिने दोन. ऐकायला सोपे वाटते. पण यात फायदा नेमका कोणता, धोका कुठे आणि पैसे कधी वसूल होतात, हे समजून घेतल्याशिवाय कोणी यात हात घालू नये. म्हणून हा लेख.

जुनी जोडी, नवी जोडी

दोन माणसांनी मिळून लाकूड चिरणे आपल्याला नवे नाही. वीज येण्याआधी ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचे. एक आराकश वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा रेघ सांभाळायचा, खालचा ओढायचा आणि भुसा डोळ्यांत घ्यायचा. दोघांचा ताल जमला तर फळी सरळ, ताल बिघडला तर करवत अडकली. हे एवढे लक्षात ठेवा. इंजिने आली तरी हा कायदा बदललेला नाही.

पेट्रोलवर चालणारी सुरुवातीची साखळी करवतही दोघांचीच होती. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1929 साली काढलेली करवत 46 किलो वजनाची होती. एक माणूस इंजिनापाशी, दुसरा पट्टीच्या टोकाशी. पुढे 1950 नंतर इंजिने हलकी झाली आणि चेनसॉ एका माणसाच्या हातात आली. साखळीच्या दात्यांतही मोठा बदल झाला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने 1946 साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहिले. अळी डावीकडे-उजवीकडे कुरतडत सरळ बोगदा पाडते. तसाच एकाआड एक डावा-उजवा दाता त्याने साखळीला दिला. आजच्या साखळ्या त्याच वंशाच्या आहेत.

चेनसॉ मुळात झाड आडवे कापण्यासाठी. तिच्याने फळ्या पाडायच्या तर पट्टीला एक चौकट लावतात. ही चौकट ओंडक्याच्या पाठीवर ठेवलेल्या सरळ फळीवरून किंवा शिडीवरून सरकते आणि पट्टी तिच्याखाली ठरलेल्या अंतरावर आडवी चालते. कॅलिफोर्नियाच्या ग्रॅनबर्ग कंपनीची "अलास्कन मिल" ही यातली सर्वांत ओळखीची. ओंडका गिरणीपर्यंत नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्यापाशी नेता येते, ही तिची खरी कमाई. पहिला काप फळीच्या किंवा शिडीच्या आधाराने, पुढचे काप आधीच्या सपाट पृष्ठभागावरून. म्हणून पहिला काप वाकडा गेला की पुढचा प्रत्येक तक्ता वाकडा.

एक इंजिन कमी का पडते?

इथे थोडे गणित करू. मोठ्या लाकूडकामाच्या साखळीत, जिला .404 मापाची म्हणतात, एका दात्यापासून दुसरा दाता साधारण 1.6 इंचावर असतो. म्हणजे दोन फूट रुंद कापात एका वेळी सुमारे 15 दाते लाकूड खातात. चार फूट रुंद कापात सुमारे 30.

बाजारातील सर्वांत मोठ्या चेनसॉ सुमारे 120 सीसीच्या आहेत. श्टीलची 880 आणि तिच्यानंतर आलेली 881 यांची ताकद 6.4 किलोवॅट, म्हणजे साधारण साडेआठ अश्वशक्ती. हस्कवार्नाची 3120 तिच्याच जवळपास. आता साडेआठ अश्वशक्ती 15 दात्यांत वाटली तर दर दात्याला अर्ध्याहून थोडी जास्त अश्वशक्ती मिळते. 30 दात्यांत वाटली तर पाव अश्वशक्तीच्या थोडी वर. इंजिन तेच, पण खाणारी तोंडे दुप्पट. साखळी मंदावते, दाता लाकूड सोलण्याऐवजी घासतो, भुसा पिठासारखा बारीक पडतो, पट्टी तापते. आणि हा प्रकार एखादा मिनिट नव्हे, आठ फुटांच्या ओंडक्यावर बराच वेळ सलग चालतो. झाड पाडताना इंजिनाला मधे उसंत मिळते. चिराईत ते पूर्ण जोरावरच असते.

शिवाय चिराईत दाता तंतूंच्या टोकांवर येतो. आडवे कापण्यापेक्षा हे काम जड. म्हणून चिराईच्या साखळीचे दाते वेगळ्या कोनात घासतात. नेहमीच्या साखळीचा कोन साधारण 30 अंश असतो, तर चिराईच्या साखळीचा 10 अंशांच्या आसपास. त्याने काप गुळगुळीत येतो आणि रंध्याचे काम वाचते.

दुसरे इंजिन लावले की दर दात्याची ताकद पुन्हा दोन फुटांच्या कापाएवढी होते. सगळा फायदा एवढाच आणि तो लहान नाही. पण एक गैरसमज इथेच दूर करावा. दोन इंजिनांनी साखळीचा वेग दुप्पट होत नाही. दोन बैल जुंपले म्हणजे गाडी दुप्पट वेगाने धावत नाही, चढावर थांबत नाही इतकेच. साखळीचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांवर आणि चक्राच्या दात्यांवर ठरतो. सात दात्यांचे चक्र आणि मिनिटाला 9000 फेरे धरले तर .404 ची साखळी सेकंदाला 21 मीटरच्या वर धावते. दुसरे इंजिन हा वेग वाढवत नाही, तो ओझ्याखाली पडू देत नाही.

दोन इंजिने एकमेकांशी भांडत कशी नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक जाणकार मिस्त्री विचारतो. दोन्ही चेनसॉ सारख्या असताना समोरासमोर लावल्या तर एक साखळी इकडे ओढेल, दुसरी तिकडे?

तसे होत नाही. एक चेनसॉ पट्टीवर बसवा. आता मनातल्या मनात पट्टी टेबलावर सपाट ठेवा आणि दुसरी तशीच चेनसॉ, पहिलीला अर्धा वळसा देऊन, दुसऱ्या टोकाला लावा. दोन्ही इंजिने पट्टीच्या एकाच अंगाला, म्हणजे वर राहतात. वरून पाहिले तर दोन्ही चक्रे एकाच दिशेने फिरतात. विहिरीवरील दोन कप्प्यांवरून एकच दोर फिरावा तशी साखळी दोघांवरून फिरते. मात्र यासाठी पट्टी खास लागते. साध्या पट्टीला एका टोकाला गोल नाक असते. इथे नाक नाहीच, दोन्ही टोकांना इंजिन बसवायच्या खाचा आणि तेलाची छिद्रे असतात. ग्रॅनबर्ग आणि कॅनडातील कॅनन यांसारखे कारखाने अशा दुतोंडी पट्ट्या बनवत आले आहेत. साधी पट्टी घरी कापून-जोडून असे काही करू नये. सेकंदाला वीस मीटर धावणाऱ्या साखळीपुढे वेल्डिंगचा भरवसा नको.

दोन्ही टोकांचे काम मात्र एकसारखे नाही. एक इंजिन कापातून येणारी साखळी आपल्याकडे ओढते. त्याला ओढणारे म्हणू. दुसरे मागच्या बाजूने परतणारी साखळी घेते आणि कापात सोडते. त्याला सोडणारे म्हणू. यात तेलाची एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चेनसॉचा पंप तेल टाकतो ते इंजिनापासून दूर निघालेल्या साखळीवर. म्हणून कापाला पहिले तेल मिळते ते सोडणाऱ्या इंजिनाचे. त्याची टाकी रिकामी राहिली तर ओढणाऱ्याची भरलेली असूनही पट्टी जळेल. दोन्ही टाक्या पेट्रोलबरोबरच भरायच्या, हा नियम पाळा.

एका टोकाचे इंजिन मंद झाले तर काय? चेनसॉमध्ये वेगावर पकडणारा क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले की तो आपोआप पकडतो, कमी झाले की सोडतो. म्हणून एक इंजिन मंद गतीवर आले तरी साखळी दुसऱ्याच्या जोरावर फिरत राहते. यंत्राच्या दृष्टीने ही सोय आहे. माणसाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा धोका आहे. त्याकडे पुढे येतो.

जोडी सारखी असावी. शक्यतो एकाच मॉडेलची दोन इंजिने, एकाच मापाची आणि सारख्याच दात्यांची चक्रे, साखळीच्या मापाचीच पट्टीची खाच. एका बाजूला सात दाते आणि दुसऱ्या बाजूला आठ असतील तर साखळी सारख्या वेगाने धावताना सात दात्यांचे इंजिन 10,000 फेऱ्यांवर आणि आठ दात्यांचे 8,750 वर असेल. दोघांचा जोर एकाच फेऱ्यांवर येत नाही, त्यामुळे एक राबतो आणि दुसरा सोबत फिरतो. दुसरे इंजिन स्वस्तात मिळते म्हणून कोणतेही उचलले, असे करू नये.

आधी साखळी, मग इंजिन

दुसरे इंजिन घेण्याआधी स्वस्त उपाय करून पाहावेत. व्यापाराचा हा साधा नियम आहे.

पहिला उपाय, धार. प्रत्येक मोठ्या कापानंतर कानस फिरवा. बोथट साखळीवर दोन इंजिने लावणे म्हणजे बोथट कात्रीला दोन माणसे लावणे.

दुसरा उपाय, विरळ दात्यांची साखळी. हिच्यात दाते एक तृतीयांश कमी असतात. चार फुटांच्या कापात 30 ऐवजी 20 दाते. एकाच इंजिनाची ताकद दर दात्याला दीडपट मिळते आणि भुसा वाहून न्यायला मोकळी जागा राहते. काप थोडा खडबडीत येतो, पण अनेकांचे काम एवढ्यावरच भागते.

तिसरा उपाय, लांब पट्टीच्या टोकाला मदतनिसाची मूठ आणि तेलाची वेगळी डबी. चार फुटांच्या पट्टीला टोकाशी दुसरा माणूस तसाही लागतोच. जोडीची कल्पना बहुधा इथूनच सुचते. माणूस उभाच आहे, तर त्याच्या हाती इंजिन का नको?

साधारण हिशोब असा. तीन फुटांपर्यंतच्या कापाला एक मोठे इंजिन पुरेसे आहे. तीन ते चार फुटांत विरळ साखळी आणि सबुरी. त्याच्या पलीकडे, तेही कठीण लाकडात आणि रोजच्या कामाला, जोडीचा विचार करावा. पट्टी घेताना ध्यानात ठेवा की तिच्यावर लिहिलेली लांबी आणि हाती येणारा काप एक नसतो. दोन्ही टोकांच्या चौकटीत काही इंच जातात.

भुशात किती जाते?

कापड फाडताना कात्रीत जवळजवळ काहीच जात नाही. लाकडात प्रत्येक कापाला करवतीच्या जाडीइतके लाकूड भुसा होते. जाड साखळी सुमारे साडेनऊ मिलिमीटर खाते. पट्ट्याची आरा मशीन, म्हणजे बँडसॉ, पात्याप्रमाणे अडीच मिलिमीटरच्या आसपास.

300 मिलिमीटर उंचीचा चौरस ओंडका घ्या आणि 25 मिलिमीटरच्या फळ्या पाडा. बँडसॉवर 11 फळ्या निघतात. साखळीवर 8 निघतात, नववीला एक मिलिमीटर कमी पडतो. अकरातून तीन फळ्या भुशात. कुठला व्यापारी हे सोसेल?

आता त्याच ओंडक्यातून 75 मिलिमीटरचे जाड तक्ते पाडा. बँडसॉवर 3 आणि साखळीवरही 3. फरक शून्य.

सगळा निर्णय या दोन हिशोबांत आहे. दारे, खिडक्या, पलंगाच्या पातळ फळ्या यांसाठी साखळी हे नुकसानीचे यंत्र आहे, मग इंजिन एक लावा की दोन. ओंडका आरा मशीनवर चढत असेल तर तो तिथेच न्यावा आणि चिराई देऊन मोकळे व्हावे. जोडीची जागा फक्त तिथे, जिथे ओंडका मशीनवर चढत नाही आणि गिऱ्हाईक रुंद, जाड, एकसंध तक्ता मागते.

जिवाची जोखीम

एका चेनसॉवर एकच नियम पुरतो. घोटाळा वाटला की बोट सोडा, साखळी थांबते. जोडीवर हा नियम खोटा ठरतो. तुम्ही बोट सोडले तरी दुसऱ्या टोकाचा माणूस जोर देत असेल तर तुमच्या हातापाशी साखळी फिरतच राहते. तुम्ही ब्रेक मारला तर तुमचे चक्र धरले जाते, पण त्याचे इंजिन ओढतच राहते आणि त्याचा क्लच घसरून लाल होतो. आवाजात हाक ऐकू येत नाही, दोघांच्याही कानांवर संरक्षण असते.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी खुणा ठरवा. एक मालक, एक साथी. जोर देण्याची खूण मालकच देईल. थांबण्याची खूण मात्र कोणीही देऊ शकेल आणि ती मिळताच दोघेही बोट सोडतील, कारण नंतर विचारायचे. दोघांची नजर एकमेकांवर राहील असे उभे राहा. साखळीला हात लावायचा, ताण बघायचा, पाचर मारायची, तर दोन्ही इंजिने बंद. मंद नव्हे, बंद.

चिरताना मागे पाचरी ठोकत जा, नाहीतर वरचा तक्ता आपल्या वजनाने पट्टी दाबतो. साखळी गरम झाली की लांबते. ताण पाहा, पण थंड झाल्यावर पुन्हा सैल करा, नाहीतर ती आकसून आसावर जोर टाकते. दोन इंजिने, पट्टी आणि चौकट मिळून वजन सहज 30 किलोंच्या घरात जाते. उचलायला दोघे आणि उतरवायलाही दोघेच. शहरातल्या झाडात खिळे, तारा, पाट्यांचे हुक असतात. वीस मीटर वेगाच्या साखळीला एक खिळा पुरतो. धातू शोधणारे साधे यंत्र आधी फिरवा. कान, डोळे, नाक झाका. बंद शेडमध्ये ही इंजिने चालवू नका, त्यांचा धूर विषारी असतो.

कागद आधी, करवत नंतर

लाकडाच्या धंद्यात माल जितका महत्त्वाचा तितकाच कागद. महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा 1964 चा आणि शहरांतील झाडांच्या जतनाचा कायदा 1975 चा आहे. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरा गिरण्यांच्या परवान्यांवरही कडक नजर आली. चेनसॉ हातात धरता येते, म्हणून ती गिरणी नाही, असे स्वतःच ठरवू नका. पश्चिम आफ्रिकेतील घानाने 1998 साली चेनसॉने विक्रीसाठी फळ्या पाडण्यावर बंदी घातली, इतका हा विषय सरकारे गंभीर मानतात. आपल्या भागातील वन अधिकाऱ्याला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. झाडाची मालकी, तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास हे तीन कागद नसतील तर स्वस्त ओंडका सर्वांत महाग पडतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कितीतरी जुनी झाडे उन्मळून पडली. अशा वेळी मालकाला जागा मोकळी हवी असते आणि लाकूड मातीमोल जाते. कागद नीट असतील आणि हाती योग्य हत्यार असेल तर त्याच लाकडाचे तक्ते होतात. पण तक्ता निघाला म्हणजे पैसा हाती आला असे नाही. त्याच्या टोकांना मेण किंवा रंग लावायचा, मधे पट्ट्या देऊन सावलीत रचायचा. हवेवर सुकवताना दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. तीन इंचांच्या तक्त्यात भांडवल तितका काळ अडकते. ओला तक्ता विकणाऱ्याला गिऱ्हाईक एकदाच मिळते.

मग घ्यावे की नाही?

स्वतःला चार प्रश्न विचारा. वर्षाकाठी चार फुटांवरचे किती ओंडके माझ्याकडे येतात? त्यांच्या जाड तक्त्यांना गिऱ्हाईक आजच आहे की उद्या मिळेल अशी आशा आहे? माल सुकेपर्यंत थांबण्याची ऐपत आहे का? आणि दुसऱ्या टोकाला उभा राहणारा माणूस रोज तोच असेल का?

चारही उत्तरे पक्की असतील तर जोडी कमाई देईल. एखादेही डळमळीत असेल तर वखारवाले, सुतार मिळून दोन-तीन जणांनी एक संच घ्यावा, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला मजुरीवर बोलवावे. शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस रोज बदलत असेल, तर दुसरे इंजिन लावूच नये.